दगडावर बसलेली बाई

कसबा पेठ, पुणे
सोमवार, १४ ऑगस्ट २००६

प्रिय शालन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायला दोन्ही हात लागतात, आणि तेवढ्यात पहिल्या चार ओळी वाचून होतात. तेव्हा आधी महत्त्वाचं: तुझी आई, आमच्या मथुरामावशी, बऱ्या आहेत. गुडघे धरलेत, पण जिना उतरून खाली येतात, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी भांडतात आणि वर जातात. मी रोज संध्याकाळी डोकावते. आता फाडायचं तर फाड.

नाही फाडलंस असं धरून पुढं लिहिते.

तू गेल्याला सहा महिने झाले. आपला 'पायी पेठ' गट चालू आहे. शनिवार-रविवार आठच पाहुणे, सगळी फेरी पायी, प्लास्टिकच्या बाटल्या बंद, कुणाच्या दारात विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि शेवटी वेणूबाईंच्या घरी पत्रावळीवर जेवण. सगळे नियम तू लिहिलेस तसेच. परवा हिंजवडीच्या एका कंपनीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही टेन पीपल आहोत, ॲडजस्ट करा ना." मी म्हटलं, "दोघांनी शनिवारवाड्यासमोर शेंगा खात बसा. आम्ही परत येताना घेऊन जाऊ." बसले बिचारे. हे मी तुझ्याकडूनच शिकले. मी वाशीमची, आम्हाला पाहुण्याला नाही म्हणायची सवय नव्हती.

मुख्य गोष्ट अशी की पर्यटनाच्या एका योजनेसाठी आपल्या गटाचं नाव पुढं गेलंय. दिवाळीनंतर समिती येणार, आपल्याबरोबर फेरी करणार. निवड झाली तर दोन वर्षांची मान्यता, शेजारच्या आणखी दोन पेठा, आणि आठवड्याला दोनऐवजी पाच दिवस काम. तू सोडून आम्ही अकरा बायका आहोत. त्यातल्या बऱ्याचजणी या गटासाठीच पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडल्या. मीही त्यांतलीच. संतोष कारखान्यातून घरी येतो तेव्हा शनिवारी मी आलेली नसते, आणि तो स्वतः कुकर लावतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे दृश्य मी आत्ता बघतेय. मला ते घालवायचं नाही.

आणि समितीला कागदावर सगळ्यांत आवडलेली जागा कुठली, तर तांबट आळीच्या कोपऱ्यावरचा दगड. तिथं त्या गोष्टीची पाटी लावायचं म्हणतायत.

तू आता कपाळाला आठ्या घातल्या असशील. पण एका दगडासाठी एवढं तोडायचं का गं? तेव्हा काय झालं ते तरी नीट आठव. फेब्रुवारीतली दुपार, पाहुणे कंटाळलेले. एका मुलीनं विचारलं, "हा मधे खळगा पडलेला काळा दगड कसला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि गाईडनं पाहुण्यांसमोर गप्प उभं राहायचं म्हणजे फारच झालं. मग तोंडाला आलं ते बोलले. पानिपतावर गेलेल्या एका सरदाराची बायको रोज संध्याकाळी इथं येऊन बसायची. बारा वर्षं वाट बघितली. तिच्या बसण्यानं दगडाला खळगा पडला. ती मुलगी रडली. मला स्वतःला हुंदका आला, म्हणजे बघ.

तू रांगेच्या शेवटी होतीस. फेरी संपल्यावर गळ्यातलं ओळखपत्र काढून वेणूबाईंच्या ओट्यावर ठेवलंस आणि म्हणालीस, "माझी आई कुणाची वाट बघत नव्हती, भाग्यश्री." आठवड्याच्या आत तू वाघोलीला गेलीस, वसतिगृहाच्या मेसवर देखरेख करायला. मला कुठं माहीत होतं की त्या दगडावर मावशी भांडी उजळायच्या? माहीत असतं तर बोलले असते का?

समितीच्या दिवशी तू हवीस. पेठेत जन्मलेली तूच एक. बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. एवढं कर.

तुझी,
भाग्यश्री


सोमवार, ११ सप्टेंबर २००६

शालन,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. फाडलं नाही. येणार नाही." बाकी कार्ड कोरं. वसतिगृहातल्या मुलांना पोळ्याही अशाच मोजून वाढतेस का?

गणपती झाले. गर्दी ओसरली आणि आपल्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. आता जे लिहिणार आहे ते वाचून तू रागावशील, पण दुसऱ्या कुणाला सांगू? दगडाचं प्रकरण हाताबाहेर चाललंय.

त्या रडलेल्या मुलीनं गोष्ट इंटरनेटवर टाकली. तिथून ती एका रविवारच्या पुरवणीत आली. आता दर शुक्रवारी संध्याकाळी बायका येतात, दगडाला हळदकुंकू वाहतात. सगळ्या तरुण, नवरे कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेलेले. 'ऑनसाइट' म्हणतात त्याला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेला दीड वर्ष तिकडंच, आणि ही इकडं फ्लॅटमध्ये एकटी. एकजण तर नवऱ्याच्या व्हिसाची तारीख चिठ्ठीवर लिहून खळग्यात ठेवून गेली. दगडासमोर ज्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे ते हिंमतराव खूश आहेत. त्यांनी दर्शनी फळीवर तांब्याच्या पणत्या मांडल्यात.

मला सुरुवातीला गंमत वाटली. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. एकोणीस वर्षं या पेठेनं मला "तुम्ही तिकडच्या ना?" म्हणून ऐकवलं. आता तीच माणसं माझी गोष्ट आपल्या आजोबांच्या नावावर सांगतात.

पण काल फेरी दगडापाशी आली तेव्हा मावशी खाली उतरल्या होत्या. एका पाहुण्यानं त्यांना गाठलं. "आजी, तुम्ही इथल्याच ना? ही गोष्ट तुम्ही ऐकलीय?" वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं होणार.

मावशी म्हणाल्या, "ऐकलीय की. आमच्या सासूबाई सांगायच्या. फार सोसलं हो त्या बाईनं."

आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. पाहुण्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले.

नंतर जिन्यावर हात देताना मी विचारलं, "मावशी, सासूबाई खरंच सांगायच्या?"

"नसतील सांगत. पण ती पोरं एवढ्या लांबून आलेली, त्यांना नाही कसं म्हणायचं? आणि गोष्ट चांगली आहे गं तुझी. त्या बाईला नुसतं बसायला तरी मिळत होतं."

घरी आले तर संतोषनं ताटं घेतली होती. मला जेवण गेलं नाही. त्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ऊन लागलं.

भाग्यश्री


सोमवार, २५ सप्टेंबर २००६

शालन,

तुझ्या दुसऱ्या कार्डावर तीनच शब्द आहेत. "तुला माहीत नव्हतं?"

आठ दिवस ते कार्ड मी डब्यांच्या मागं लपवून ठेवलं होतं. लपवायचं कुणापासून, ते मलाच माहीत. आज उत्तर देते. पण आधी परवाचं सांगते, कारण ते झालं नसतं तर माझ्याच्यानं हे लिहवलं नसतं.

समितीच्या प्रमुख आम्रपाली मॅडम यांनी फॉर्म पाठवलेत, गटातल्या प्रत्येकीचा एक. नाव, वय, शिक्षण, आणि मग 'या गटाआधी कोणते काम करत होता?' वेणूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "कुठलं काम? घरीच होते." पंधरा वर्षं त्यांनी दहा घरच्या पोळ्या लाटल्यात, मी स्वतः खाल्ल्यात. मी म्हटलं, "आणि पोळ्या?" तर म्हणतात, "त्या होय! त्या आपल्या दुपारच्या रिकाम्या वेळात." मी लिहिलं, 'काही नाही'. अकराजणींच्या फॉर्मवर 'काही नाही'. योजना बायकांना पहिल्यांदा कामाला लावणारी आहे, तेव्हा तसंच बरं दिसेल, हेही माझ्या मनात होतं.

मावशींना पाहुण्यांशी बोलायला आवडतं, म्हणून त्यांना गटात घ्यायचं सगळ्यांनी ठरवलं. त्यांचा फॉर्म भरायला मी वर गेले. त्या वाती वळत बसल्या होत्या.

"मावशी, याआधी काही काम?"

"छे. यांचं काम होतं ना हिंमतरावाच्या वडलांकडं, भट्टीवर. मी घरीच होते."

"आणि दगडावर?"

"कुठला दगड? त्या सरदारणीचा होय?"

त्या थट्टा करत नव्हत्या, शालन. दगड म्हटलं की त्यांना आता आधी माझी सरदारीण आठवते. मी फॉर्म घडी करून पिशवीत टाकला आणि काहीतरी निमित्त काढून उतरले.

हो. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणात प्रत्येकीनं पेठेतल्या एका जागेवर लिहून आणायचं होतं. तू दीड पान आणलं होतंस. तुझे वडील गेनबा आत भट्टीवर, आणि भट्टीतून निघालेलं काळं भांडं बाहेर मावशींपुढं. चिंच, मीठ, राख. आधी भांडं उजळायचं, मगच त्यावर हातोडीचे ठोके पडायचे. हंडा डुलू नये म्हणून त्याचा तळ दगडात बसवायचा, आणि भांड्यामागून भांडं घासून तिथं खळगा पडला. मजुरी दोघांच्या कामाची, पण ती मिळायची वडलांच्या हातात, म्हणून मावशींचं नाव कुठंच नाही. चिंचेनं त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या आणि शाळेतून आल्यावर तू त्यांना तूप लावायचीस, असंही त्यात होतं. ते पान मला तोंडपाठ आहे.

सगळ्यांची पानं एकत्र करून प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला द्यायचं काम माझ्याकडं होतं. तुझ्या पानावर मी लाल पेननं काट मारली आणि समासात लिहिलं, 'घरगुती. इतिहास नाही.' तुला सांगितलं की संस्थेच्या लोकांनी गाळलं. संस्थेपर्यंत ते पान गेलंच नाही.

मी वाचनालयात बसून सनावळ्या पाठ केल्या होत्या. माझ्या सात पानांत चौतीस तारखा होत्या. तुझ्या दीड पानात एकही नव्हती आणि ते माझ्या सातही पानांपेक्षा चांगलं होतं. जळले मी. दुसरं कारण शोधून सापडत नाही. पाहुणे तुझ्याकडं वळून ऐकत राहिले असते आणि मी वाशीमची ती वाशीमचीच राहिले असते. मग फेब्रुवारीत त्या मुलीनं विचारलं तेव्हा दगडापाशी सांगायला माझ्याकडं काही नव्हतं, कारण जे होतं ते मीच काढून टाकलं होतं.

मला लाज वाटते. हे तुझ्यासमोर उभं राहून मला बोलता आलं नसतं.

समितीला खरं सांगितलं तर निवड जाईल. माझी एकटीची नाही, अकराजणींची. नाही सांगितलं तर दिवाळीनंतर त्या कोपऱ्यावर पाटी लागेल, आणि मावशी स्वतः ती पाहुण्यांना दाखवत उभ्या राहतील. मी अजून काहीच ठरवलेलं नाही.

भाग्यश्री


सोमवार, ३० ऑक्टोबर २००६

शालन,

काल समिती येऊन गेली. क्रमानं लिहिते, नाहीतर मी मला सोयीचं तेवढंच लिहीन.

पाडव्याला गट वेणूबाईंकडं फराळाला जमला तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं. तुझं पान, लाल पेन, सगळं. वेणूबाई लाडू वळत होत्या. त्यांनी हातातला लाडू परत परातीत टाकला. "समिती जाऊ दे गं आधी. खरं आहे ना? मग आठ दिवसांनी सांगितलं तरी खरंच राहणार." बाकीच्या खाली मान घालून बसल्या. त्यांचं चुकतंय असं मला अजूनही म्हणवत नाही.

निदान कुणाचा तरी दुजोरा असावा म्हणून हिंमतरावांकडं गेले. ते म्हणाले, "अहो, काम आमचे कारागीर करायचे. बायका काय, जाता-येता हात लावायच्या." आणि मला पणती दाखवली, नवीन नक्षीची.

समितीत पाचजण होते. आम्रपाली मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात खरोखर चालायच्या चपला. दगडापाशी पोचलो. वर शुक्रवारची फुलं, कुंकू, चिठ्ठ्या. मावशी नव्या पातळात तिथं आधीच येऊन उभ्या होत्या. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "या दगडाची जी गोष्ट तुम्ही वाचलीत ती मी रचलेली आहे. अशी कुठलीही सरदारीण नव्हती. इथं या मथुराबाई बसायच्या आणि तांब्याची भांडी उजळायच्या. हा खळगा त्यांच्या कामानं पडलाय. मला हे माहीत होतं आणि मी ते दाबून ठेवलं."

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पण दंतकथा म्हणून चाललं असतं की."

आम्रपाली मॅडमनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. त्या मावशींकडं वळल्या. "आजी, तुम्ही इथं काम करत होता?"

"नाही बाई," मावशी म्हणाल्या. "मी कशाला रस्त्यावर बसू? चांगल्या घरच्या आम्ही. मी घरीच होते." मग मला दटावून, "भाग्यश्री, काहीतरीच काय सांगतेस लोकांना?"

आठ महिने मी खोटं सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्यांदा खरं सांगितलं तर खोटी पडले. हसू नकोस. किंवा हस, तेवढा हक्क आहे तुला.

मग वेणूबाईंनी पाणी पुढं केलं. बाटल्या बंद केल्यापासून दगडापाशी आपण तांब्याच्या हंड्यातलं पाणी देतो. समितीसाठी त्यांनी तो बाजारच्या पावडरीनं घासून आणला होता. मावशींची नजर हंड्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"हे कुणी घासलंय?"

"मीच. चकचकीत झालाय की."

"चकचकीत! ओरखडे बघ. गळ्याला काळं तसंच आणि पोट सोलून काढलंय. चिंच आण."

"आत्ता? मावशी, लोक उभे आहेत."

"लोक उभे आहेत म्हणूनच. असलं भांडं ठेवणार पाहुण्यांपुढं? चिंच आण, मीठ आण. राख नसणार तुमच्या गॅसच्या घरात. हिंमतरावाकडनं आण."

वेणूबाई पळाल्या. मावशींनी फुलं बाजूला सारली, चिठ्ठ्या गोळा करून माझ्या हातात दिल्या, हंड्यातलं पाणी बादलीत ओतलं आणि रिकामा हंडा खळग्यात टेकवला. तो बसला. तू लिहिलं होतंस तसाच, जरासुद्धा न डुलता. गुडघे धरलेली बाई पाय दुमडून खाली बसली, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि घासायला लागली.

वीस मिनिटं झाली असतील. हात गळ्याखालून वळत होता, पोटावरून गोल उतरत होता, आणि डाव्या हातानं हंडा थोडा थोडा फिरत होता. ते दंतकथावाले गृहस्थ उकिडवे बसून बघत होते. काळं गेलं, ओरखडे गेले आणि खालून भट्टीतला तो गुलाबी तांबूस रंग वर आला. हिंमतराव दुकानाच्या पायरीवर येऊन उभे होते.

"कुणी शिकवलं हे?" आम्रपाली मॅडमनी विचारलं.

"सासूनं. त्यांना त्यांच्या सासूनं."

"किती वर्षं करत होता?"

"कोण मोजतंय? माझी शालन पोटात होती तेव्हापासनं. शालनला मूल झालं तेव्हा हात थांबवला."

"मग हे काम नव्हतं?"

मावशी मोकळेपणानं हसल्या. "हे कसलं काम? काम यांचं. मी आपली घासून द्यायचे."

मॅडमनी खळग्यातून बोटं फिरवून पाहिली. हंडा धुऊन पुन्हा भरल्यावर पाणी मागून घेतलं, त्यातलंच. निकाल पत्रानं कळेल म्हणाल्या.

भाग्यश्री


सोमवार, १३ नोव्हेंबर २००६

शालन,

निकाल आला. या वर्षी नाही. सांगितलेल्या माहितीची खातरजमा केलेली नाही, असं कारण दिलंय. बरोबरच आहे. पाटी रद्द. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, म्हणालेत. सगळे फॉर्म परत आलेत, आणि वर आम्रपाली मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'आधीच्या कामाचा रकाना पुन्हा भरावा. आधी काम केले म्हणून कोणी बाद होत नाही.'

वेणूबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी आल्या, फॉर्म पुढं टाकला आणि म्हणाल्या, "लिही. पोळ्या. पंधरा वर्षं." लिहून झाल्यावर तशाच निघून गेल्या. अजून नीट बोलत नाहीतच. त्यांच्या घरात पाच दिवसांच्या कामाचे बेत झाले होते, ते माझ्यामुळं गेले.

गटानं माझं पुढं चालणं बंद केलंय. मी आता रांगेच्या शेवटी असते, तुझ्या जागी. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात आणि कोण कंटाळलंय ते आधी समजतं. तुला नेहमी सगळं कळायचं ते यामुळं होय.

मावशी मात्र शनिवार-रविवार दगडावर बसतात. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पेठेतल्या तीन बायका आपापली काळी भांडी घेऊन आल्या आणि मावशींनी त्यांना घासायला बसवलं. पाहुणे आले की त्यांच्याही हातात चिंच देतात. गटानं त्यांना गाईडइतकंच मानधन द्यायचं ठरवलं. त्या घेत नव्हत्या. "भांडं घासायचं कुणी देतं का?" म्हणाल्या. वेणूबाईंनी त्यांच्या पदरात बांधून दिलं. शुक्रवारवाल्या मुली जरा हिरमुसल्यात. व्हिसाची तारीख ठेवून गेलेली ती आली होती, डोळे भरून म्हणाली, "म्हणजे ती बाई नव्हतीच?" मावशी म्हणाल्या, "मी आहे ना. बस इथं, हात चालव." ती तासभर बसली होती.

आता ज्यासाठी लिहितेय ते. बारा फॉर्मांपैकी अकरा भरून झालेत. मावशींचा रकाना कोरा आहे. मी तीनदा विचारलं. दर वेळी एकच, "घरीच होते." मी परस्पर लिहू शकते, कुणी हरकत घेणार नाही. पण एकदा त्यांचं मी न विचारता पुसलंय. आता न विचारता लिहायचंही नाही, असं ठरवलंय. ते त्यांच्या तोंडून आलं पाहिजे आणि माझ्यानं ते होत नाही. मी तिकडची म्हणून नाही, मी ते आधी पुसलं म्हणून. तू लेक आहेस. तू विचार.

मला माफ कर असं लिहीत नाही. मागायचंच तर समोर येऊन मागेन.

भाग्यश्री


वाघोली
गुरुवार, २३ नोव्हेंबर २००६

भाग्यश्री,

तुझी पाचही पत्रं ठेवली आहेत. माफ केलं असं समजू नकोस. लाल पेनाचं वाचलं त्या दिवशी मेसच्या भाजीत मीठ दोनदा पडलं. मुलांनी गुपचूप खाल्ली, यावरून माझा चेहरा कसा असेल ते बघ.

ते दीड पान माझ्याकडं नाही. एकच प्रत होती. तुला तोंडपाठ आहे म्हणतेस, तर जसंच्या तसं लिहून काढ. चुकलीस तर मला कळेल.

फॉर्मबद्दल आईला विचारायचं म्हणून काल तिला फोन लावला. विचारायला धीर होईना. मग म्हटलं, थंडी पडलीय, आठवडाभर इकडं ये राहायला, गुडघ्यांना शेक देईन, समोर बसून बोलू. ती म्हणाली, "शनिवार-रविवार नाही गं जमायचं. मला काम असतं."

मी विचारलं, "काय असतं?"

तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. खालपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "काम! काम असतं मला!"

मी फोन ठेवला.

रकाना भर. रविवारी मीच येते.

शालन